पेटी धरून शून्य

चाकणच्या कंपनीत वार्षिक तपासणी होती. नर्सबाईंनी नवनाथ सानपचं वजन वाचलं तेव्हा दाराबाहेर अख्ख्या पहिल्या शिफ्टची रांग उभी होती. वय आणि वजन या गोष्टी खालच्या आवाजात सांगायच्या असतात, पण नर्सबाईंना खालचा आवाज नव्हताच. "एकशे बारा पॉइंट चार," असं त्या रेल्वे स्टेशनवर गाडी लागल्याची सूचना द्यावी तशा म्हणाल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हा आकडा कॅन्टीनच्या आचाऱ्यालाही पाठ झाला होता. त्याने नवनाथच्या ताटात एक पोळी कमी वाढली आणि वर समजूतदारपणे मान हलवली.

एवढ्यावर भागलं असतं तर नवनाथने ते मनाला लावून घेतलं नसतं. आयुष्यात अपमान बरेच होतात, पोळ्या त्याहून जास्त मिळतात. पण दुसऱ्या दिवशी सेफ्टी ऑफिसर आम्रपाली मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. मॅडमचं वय तिशीच्या आत, आवाज कधीच चढायचा नाही, आणि म्हणूनच सगळी कंपनी त्यांना टरकून असायची. टेबलावर उंचीवर काम करताना घालायचा सेफ्टी बेल्ट ठेवला होता. त्याच्या पट्टीवरचं लेबल त्यांनी नवनाथकडे फिरवलं. जास्तीत जास्त शंभर किलो, असं त्यावर लिहिलं होतं, आणि आजवर ते कुणी वाचलेलं नव्हतं.

"काका, बेल्ट मी मोठा मागवू शकते," मॅडम म्हणाल्या. "पण वरची दोरी, कडी, अँकर सगळं शंभरच्याच हिशेबाचं आहे. ते बदलेपर्यंत वर्ष जाईल. दिवाळी शटडाऊनची यादी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाते. त्या सकाळी तुम्ही शंभरच्या आत असाल तर तुमचं नाव, नाहीतर समर्थचं."

समर्थ हा नवनाथनेच हाताखाली धरून शिकवलेला फिटर. तो बासष्ट किलोचा होता, आणि त्यासाठी त्याने आयुष्यात काहीही केलेलं नव्हतं.

आता यादीचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. तर गोष्ट अशी, की तिसऱ्या शेडमध्ये एक मोठी क्रेन आहे, जमिनीपासून चौदा मीटर वर. वर्षातून एकदा, दिवाळीत कंपनी बंद असते तेव्हा, ती उघडून तपासायची. एकोणीस वर्षं हे काम नवनाथ करत आला होता. खाली त्याला कुणीही हुकूम सोडायचं. लाइन इन्चार्ज सोडायचा, बँकेचा शिपाई सोडायचा, सोसायटीतली लिफ्टसुद्धा तो आत शिरला की दार लावायला नकार द्यायची. पण वर गेला की खालची सगळी माणसं माना वर करून उभी राहायची. मॅनेजर विचारायचे, "सानप, झालं का हो?" आणि तो सांगेल तेव्हा व्हायचं. वर्षातले ते चार तास नवनाथ कुणीतरी असायचा. ते चार तास जाणार, या विचाराने त्याच्या पोटात गोळा आला, आणि गोळ्याला पोटात जागा भरपूर होती.

त्याच्या हातात साठ दिवस होते.

मोशीच्या घरी त्याने बायकोला, स्वरूपाला, सगळं सांगितलं. समर्थ वर चढणार हे ऐकून ती क्षणभर थांबली, मग मोबाइलवर वजन कमी करायचे उपाय शोधू लागली. तिने सात उपाय वहीच्या कागदावर उतरवून फ्रिजला चिकटवले. लहान ताटात जेवा. जेवणाआधी पाणी प्या. खाल्लेलं सगळं लिहून ठेवा. आपला निश्चय चार लोकांना सांगा. आठवड्यातून एकदाच वजन करा. घरात मोह ठेवू नका. मधूनमधून स्वतःला छोटं बक्षीस द्या. नवनाथ म्हणाला, वजनकाटा आणावा लागेल. स्वरूपा मूळची आष्टीकडची, नसता खर्च तिला खपत नसे. ती म्हणाली, "काटा कशाला? तुमच्या पॅन्टीचा हूक हाच माझा काटा."

पहिला उपाय अमलात आला तो असा, की मुलीचं बालवाडीतलं सशाचं चित्र असलेलं ताटलीवजा ताट माळ्यावरून खाली आलं. मुलगी आता आकुर्डीला इंजिनिअरिंगला होती. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस भाकरीचा चतकोर उचलतो आणि खालून ससा त्याच्याकडे बघून हसतो, हे रोज दोन वेळा सहन करणं सोपं नव्हतं. नवनाथने ते केलं. पण ताट लहान असल्याने तो चार वेळा वाढून घेऊ लागला, तेव्हा स्वरूपाने पातेली थेट ओट्यावर ठेवायला सुरुवात केली, आणि ओट्याच्या मध्ये ती स्वतः उभी राहू लागली.

चार लोकांना सांगायचा उपाय सगळ्यात महागात पडला. नवनाथने एकालाच सांगितलं, पण तो एक म्हणजे अण्णासाहेब. ज्या रानावर ही सोसायटी उभी राहिली ते मूळ अण्णासाहेबांचं. आकुर्डीच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर ते सोसायटीचे चेअरमन झाले होते, आणि रान विकलं तरी त्यावरचा हक्क त्यांनी सोडलेला नव्हता. "नवनाथराव, काळजी करू नगा, आमी हाय," ते म्हणाले, आणि तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली. बी विंगमधले सानप वजन कमी करत आहेत, तरी सर्व सभासदांनी त्यांना गोड, तळलेले व बेकरीचे पदार्थ देऊ नयेत आणि देताना कुणी दिसल्यास कळवावे.

त्या दिवसापासून नवनाथवर पाळत सुरू झाली. वॉचमन त्याची पिशवी हुंगायचा. तळमजल्यावरच्या काकूंनी गणपतीत सगळ्या जिन्याला मोदक दिले आणि नवनाथच्या हातात एक काकडी ठेवली. जो तो सल्ला देत होता. कुणी म्हणालं रात्री भात सोडा, कुणी म्हणालं फक्त भात खा. अण्णासाहेबांचं म्हणणं असं, की पहाटे उठून गरम पाण्यात लिंबू पिळावं आणि मग इंद्रायणीच्या पुलापर्यंत चालत जाऊन यावं. "आमच्या वक्ताला कुनी जाड नव्हतं, कारन कुनी बसतच नव्हतं," असं ते खुर्चीवर बसून सांगत.

लिहून ठेवायच्या उपायात मात्र नवनाथला गोडी वाटली, कारण ते त्याच्या हातचं काम होतं. कंपनीत मशीन बंद पडली की पाच वेळा 'का' विचारून मूळ कारण शोधायची पद्धत आहे. तो रोजच्या खाण्याचा तसाच तक्ता भरू लागला. एका गुरुवारी त्याने वडापाव खाल्ला. खाल्ला का, तर भूक लागली. भूक का लागली, तर डब्यात काकडी होती. काकडी का, तर तळमजल्याच्या काकू. मग घरी येईपर्यंत का थांबला नाहीस, तर वास आला. वास का आला, तर कंपनीची बस टपरीसमोरच थांबते. मूळ कारण सापडलं. उपाय म्हणून दुसऱ्या दिवशी तो एक स्टॉप आधी उतरला. तिथे जिलेबीचं दुकान होतं. शुक्रवारचा तक्ता त्याने भरला नाही.

राहिला वजनाचा उपाय. कंपनीच्या दवाखान्यात काटा होता, पण तपासणीचा दिवस सोडून त्यावर उभं राहायचं तर फॉर्म भरावा लागे. असा फॉर्म आजवर कुणी मागितलाच नव्हता, म्हणून ऑफिसने स्टोअरमधून सामान नेण्याचा फॉर्म दिला. त्यात कारण होतं, लाइन इन्चार्जची सही होती, एचआरची सही होती, आणि शेवटी 'वस्तू परत कधी करणार' असा रकाना होता. नवनाथने तिथे 'कधीच नाही' असं लिहिलं, तर फॉर्म अपूर्ण म्हणून परत आला. शिवाय नर्सबाईंचा आवाज होताच. तेव्हा बाराव्या दिवशी तो गुपचूप डिस्पॅचला दत्तोबाकडे गेला.

दत्तोबा खेडकडचा, नवनाथच्याच वयाचा, वीस वर्षं बाहेर जाणारा माल तोलत आलेला. सगळा माल लोखंडी पेट्यांत भरलेला असे. पेटी काट्यावर ठेवायची, केबिनमधल्या पडद्यावर आकडा बघायचा, चिठ्ठी फाडायची, हेच त्याचं आयुष्य. नवनाथला बघून त्याने काट्यावरची रिकामी पेटी स्वतः उचलून बाजूला ठेवली. "मानसाला काय पेटीत उभं करायचं का, भावा? ये, ऐटीत उभा राहा." नवनाथ बूट काढून उभा राहिला. दत्तोबाने आत जाऊन पडदा वाचला आणि बोटं दाखवत बाहेर आला. एकशे पाच पॉइंट दोन.

बारा दिवसांत सात किलो दोनशे ग्रॅम. नवनाथने तीन वेळा विचारलं, दत्तोबाने तीन वेळा आत जाऊन बघितलं. आकडा हलला नाही. परतीच्या बसमध्ये नवनाथ खिडकीपाशी बसून आपल्या मांडीकडे प्रेमाने बघत होता.

स्वरूपाने मात्र हूकमध्ये बोट घालून पाहिलं. बोट गेलं नाही, नखसुद्धा गेलं नाही. "सात किलो गेले तर गेले कुठून?" तिने विचारलं. नवनाथने तिला समजावलं, की आधी आतली चरबी जाते, बाहेरची नंतर, असं अण्णासाहेब म्हणतात. स्वरूपाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती पोळ्या लाटायला गेली.

तिथून पुढे सगळं चढतं होतं, म्हणजे उतरतं होतं. दर शनिवारी नवनाथ डिस्पॅचला जायचा, दत्तोबा मान देऊन पेटी बाजूला करायचा, आणि आकडा थोडा खाली आलेला असायचा. अण्णासाहेब तो ग्रुपवर टाकायचे. यश मिळालं की माणूस उदार होतो, तसा नवनाथ स्वतःशी उदार झाला. सातवा उपाय, छोटं बक्षीस, त्याने मनापासून पाळला. एका बक्षिसाची दोन झाली, शनिवारी मिळायचं ते बुधवारीही मिळू लागलं. नवरात्राच्या आधी आकडा अठ्ठ्याण्णव पॉइंट नऊवर आला, तेव्हा त्याने लढाई जिंकल्याचं मनोमन जाहीर केलं. कॅन्टीनमध्ये तो समर्थच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू तुझं, भावा." समर्थने गुमान मान हलवली.

अष्टमीच्या संध्याकाळी अण्णासाहेबांनी देवीच्या मांडवात त्याचं भाषण ठेवलं. पार्किंगमध्ये सत्तर खुर्च्या मांडल्या होत्या. मागे फ्लेक्स लावला होता, त्यावर नवनाथचा बेल्ट घातलेला जुना फोटो आणि खाली 'वजन घटवण्याचे सोपे उपाय, स्वानुभवातून'. नवनाथने सुरुवातीला आढेवेढे घेतले, मग पंचेचाळीस मिनिटं बोलला. मन मारायचं नसतं, मनाला वळण लावायचं असतं, असं तो म्हणाला. चुकलो तर पाच वेळा का विचारा, असंही म्हणाला. आकडा खोटं बोलत नाही, हे वाक्य त्याने दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा टाळ्या पडल्या होत्या. बायका वहीत उतरवून घेत होत्या. तिसऱ्या रांगेत स्वरूपा खाली मान घालून पदराचं टोक गुंडाळत बसली होती. नवनाथला वाटलं, तिला कौतुकाने भरून आलंय. शेवटी अण्णासाहेबांनी त्याला शाल, नारळ आणि अर्धा किलो पेढे दिले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. या दिवशी कारखान्यात मशीन चालवत नाहीत, पुजतात. सकाळपासून लेथला, प्रेसला, कंप्रेसरला, स्क्रू-ड्रायव्हरलाही हळदीकुंकू लागतं, झेंडूच्या माळा चढतात. जुना फिटर म्हणून चौदा डिपार्टमेंटांत नारळ फोडायचा मान नवनाथचा. चौदा ठिकाणी प्रसाद मिळाला. नाही म्हणता येत नाही, पण खिशात टाकता येतो, म्हणून त्याने सगळा खिशात टाकला, आणि त्या निग्रहाचा त्याला फार अभिमान वाटला. शेवटचा मान डिस्पॅचचा होता. दत्तोबाने काटा धुऊन पुसून लख्ख केला होता आणि त्यावर लोखंडी पेटी ठेवून पेटीला जाड माळ घातली होती. आज पूजा सगळ्यांना दिसावी म्हणून पडदाही केबिनमधून बाहेर आणून टेबलावर ठेवला होता. नारळ फुटला. आम्रपाली मॅडम, समर्थ, मॅनेजर, सगळे जमले होते. कुणीतरी म्हणालं, "नवनाथभाऊ, परवा वजन आहे, आजच दाखवून टाका."

नवनाथला तेवढंच हवं होतं. त्याने खिसे रिकामे केले, बूट काढले. पेटी आज देव होती, ती हलवणार कशी? म्हणून तो नमस्कार करून पेटीतच उभा राहिला. सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं.

एकशे चार पॉइंट आठ.

"माळेचं वजन," नवनाथ म्हणाला. माळ काढली. एकशे चार पॉइंट पाच.

नवनाथ पेटीत उभा होता आणि पेटीतून बाहेर कसं यायचं हे त्याला सुचत नव्हतं. दत्तोबा आकड्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. शेवटी तो हळूच म्हणाला, "भावा, ते पेटी धरून शून्य हाय."

मग सगळ्यांना कळलं. मालाचं नेमकं वजन मिळावं म्हणून काट्याला रिकाम्या पेटीचं वजन आधीच वजा करायला शिकवलेलं होतं. पेटी वर असताना पडद्यावर शून्य. पेटी काढली की काटा पाच किलो सहाशे ग्रॅम कमीच सांगणार. वीस वर्षांत दत्तोबाने पेटीशिवाय काही तोललंच नव्हतं. त्याने मान द्यायला म्हणून दर शनिवारी पेटी बाजूला केली, आणि दर शनिवारी नवनाथ पेटीएवढा हलका झाला. पेटी काढली की पडदा वजा आकडा दाखवायचा, पण तो आत केबिनमध्ये असायचा, आणि दत्तोबाला तो वजा आकडा रोजचाच होता.

आम्रपाली मॅडमनी फक्त घड्याळाकडे पाहिलं. "परवा सकाळी साडेसात, काका," त्या म्हणाल्या, आणि त्यातली दया नवनाथला सगळ्यात जास्त लागली. बाहेर पडताना त्याने खिशातला प्रसाद दत्तोबाच्या टेबलावर ठेवला.

साडेचार किलो आणि दोन रात्री. दसऱ्याची सुट्टी होती. नवनाथने सकाळपासून पाणी बंद केलं. जुना रेनकोट अंगात घालून वरून शर्ट चढवला आणि घाम काढायला इंद्रायणीच्या पुलाच्या फेऱ्या सुरू केल्या. ऊन कडक होतं. वाटेत जो भेटेल तो आपट्याची पानं हातात देत होता, सोनं घ्या म्हणत होता आणि भाषणाबद्दल अभिनंदन करत होता. एक जण म्हणाला, तुमचं ऐकून कालपासून साखर सोडली. नवनाथ पानं घेऊन पुढे पळत होता. तिसऱ्या फेरीनंतर सोसायटीच्या जिन्यावर त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कठड्याला धरून तो खाली बसला. स्वरूपा धावत आली, तिने रेनकोटची बटणं तोडून काढली आणि त्याला तांब्याभर पाणी पाजलं. नवनाथने घुटका घेतला आणि त्याला रडू आलं. एवढ्या पाण्याचं वजन किती, हेच त्याच्या मनात आलं होतं.

घरात येऊन तो पंख्याखाली बसला तेवढ्यात दत्तोबाचा फोन आला. दवाखान्यातला काटा माझ्याच काट्याच्या कंपनीचा आहे, तो म्हणाला, त्याच्या मागचं बटन मला माहीत आहे. उद्या सहाला मी येतो, पाच किलो वजा लावतो, दोन मिनिटांचं काम आहे. "चूक माझी हाय भावा, मला निस्तरू दे." नवनाथ म्हणाला, सांगतो. फोन ठेवून त्याने स्वरूपाला सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

स्वरूपाने रेनकोटची घडी घातली. मग म्हणाली, "मला पहिल्याच शनिवारी कळालं होतं."

"काय?"

"आकडा खोटाय ते. हूक हलला नव्हता. पुढं हलला, पर आकड्याएवढा कधीच नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही खरंच कमी केलं असतं." ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "आन मग वर गेला असता. एकोणीस वर्षं झाली, दिवाळीचा पहिला लाडू माझ्या घशाखाली उतरत नाही. खाली उतरलो म्हणून तुमचा फोन येईस्तोवर मी त्या डब्याकडं बघत बसते. औंदा म्हणलं, देवानं काट्यात काहीतरी करून ठेवलंय तर करू दे."

नवनाथला राग आला. आपलं माणूसच आपल्या विरुद्ध होतं, आणि पंचेचाळीस मिनिटं भाषण ऐकत समोर बसलं होतं. त्याला बरंच काही बोलायचं होतं. पण एकोणीस वर्षांत हे आपल्याला एकदाही दिसलं नाही, ही गोष्ट रागाच्या आड येत होती. वरून त्याला सगळी कंपनी दिसायची, मोशीतलं घर दिसायचं नाही.

"मग दत्तोबाला हो म्हणू?" त्याने विचारलं.

"काट्याला फसवता येईल," स्वरूपा म्हणाली. "पर त्या बेल्टाला कोण सांगणार, पाच किलो वजा धर म्हणून?"

दुसऱ्या दिवशी साडेसातला नवनाथ दवाखान्यात काट्यावर उभा राहिला. रात्री तो दोन भाकरी खाऊन झोपला होता, सशाच्या ताटात, आणि पाणी पोटभर प्यायला होता. "एकशे चार पॉइंट तीन," नर्सबाई गरजल्या. यादीतली सगळी माणसं दाराशी उभी होती. नवनाथने मान खाली घातली नाही, पण वरही केली नाही. आम्रपाली मॅडमनी त्याच्या नावावर रेघ मारली, समर्थचं लिहिलं, आणि पेन हातात तसंच धरून विचारलं, की खाली उभं राहून वरच्या माणसाला सांगणारा कुणी यादीत असतो का. नाही, तो म्हणाला, आजवर वर मीच असायचो, मला कोण सांगणार. मॅडमनी फॉर्ममध्ये एक रकाना हाताने आखला आणि त्यात त्याचं नाव घातलं. त्या फॉर्मवर पुढे तीन सह्या लागल्या आणि त्या मिळायला दिवाळी आली.

सोसायटीच्या ग्रुपवर त्याने स्वतःच लिहिलं. भाषण दिलं तेव्हा मी एकशे चार पॉइंट पाच होतो, शाल परत करायची असल्यास कळवावे. अण्णासाहेबांनी उत्तर पाठवलं, की आठ किलो गेले हे काय थोडं न्हाई, आणि शाल एकदा दिली ती दिली, पेढे मात्र कुणी खाल्ले ते कळवावे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कंपनीची तिसरी शेड सुनसान होती. समर्थ बेल्ट घालून शिडी चढला. नवनाथ वॉकीटॉकी घेऊन खाली उभा राहिला. पहिल्या अर्ध्या तासात त्याची मान दुखायला लागली. खालून समर्थ मनगटाएवढा दिसत होता. डावीकडचं बेअरिंग आधी बघ, नवनाथ सांगत होता, तिसरा बोल्ट पेच खातो, त्याला बोटानं लाव मग पान्यानं. समर्थ "हां काका" म्हणायचा आणि ते व्हायचं. साडेअकराच्या सुमाराला नवनाथने विचारलं, झालं का रे? उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. वॉकीटॉकी खरखरला आणि गप्प झाला. वर गर्डरच्या मागे काही दिसत नव्हतं. नवनाथने हाक मारली, ती शेडभर फिरून परत आली. खाली उभा राहिलेला माणूस काहीही करू शकत नाही, फक्त वर बघू शकतो. तीन मिनिटं गेली असतील. मग समर्थचा आवाज आला, "सॉरी काका, हातातली टॉर्च निसटत होती, दोन्ही हात गुंतले होते."

नवनाथ जवळच्या पेटीवर मटकन बसला. एक वाजता समर्थचे पाय जमिनीला लागले तेव्हाच तो उठला. आम्रपाली मॅडम सही घ्यायला येत होत्या, त्यांना त्याने हाताने थांबवलं, कोपऱ्यात गेला आणि घरी फोन लावला. पलीकडे एक रिंगही पुरी वाजली नाही.

"समर्थ उतरला," नवनाथ म्हणाला. "तू लाडू खाल्लास का?"

"कवाच," स्वरूपा म्हणाली. "तुम्ही तर खालीच होता ना."

"हां," तो म्हणाला. त्याने वर क्रेनकडे पाहिलं. मग म्हणाला, "एकोणीस वर्षं तू कशी बसलीस गं?"

लवकर या, एवढंच ती म्हणाली.

निघताना तो डिस्पॅचवरून गेला. दत्तोबा सणाच्या ड्युटीला होता. त्याला बघून दत्तोबा सवयीने पेटी उचलायला वाकला. "राहू दे," नवनाथ म्हणाला आणि पेटीत उभा राहिला. एकशे एक पॉइंट सात. दत्तोबाने न मागता चिठ्ठी फाडून दिली.

घरी पणत्या लागल्या होत्या. नवनाथने चिठ्ठी फ्रिजला उपायांच्या शेजारी लावली आणि हातपाय धुवायला गेला. परत आला तेव्हा स्वरूपाने त्याची कंपनीची पॅन्ट मांडीवर घेतली होती. तिने हूकमध्ये दोन बोटं घालून बघितली. दोन्ही सहज गेली. मग तिने नवनाथकडे पाहिलं.

"पुढच्या दिवाळीला वर जाणार?" तिने विचारलं.

त्याला नाही म्हणता आलं नाही, आणि हो म्हणायला तोंड उघडेना. स्वरूपाने सुईदोऱ्याचा डबा ओढला. मग दाताने जुना टाका तोडला, सुईत दोरा ओवला आणि हूक दोन बोटं आत घेऊन शिवायला बसली.